टिळक गाडीत बसले, लक्ष्मीबाई मागे राहिल्या

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले तेव्हा ते रेव्हरंड नव्हते आणि मराठी वाचकाला फारसे ठाऊकही नव्हते. तिशीच्या आसपासचा एक ब्राह्मण पंडित, संस्कृतावर हुकमत, हातात पैसा टिकत नाही, एका जागी पाय ठरत नाही, आणि आता नव्या नोकरीसाठी एकट्याचा प्रवास. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले, भवभूतीपर्यंत गेले आणि मग धर्मावर येऊन थांबले. निरोप घेण्याआधी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती बायबल ठेवले, ते वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगून टाकले. ना त्याने यांचे नाव विचारले, ना यांनी त्याचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

गोष्ट इतकी घोटीव आहे की शंका यावी. अनोळखी माणूस, भाकीत, भाकिताची मुदत आणि मुदतीच्या आसपास घडलेली घटना. मिशनच्या पुस्तकांना ती न आवडती तरच नवल. विन्स्लो यांनी १९२३ साली इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले, त्यात ती टिळकांच्या तोंडूनच येते. मला त्या हकिकतीतले भाकीत फारसे हलवत नाही. हलवते ती पेन्सिल. वचन दिले म्हणून टिळक वाचायला बसले ते काहीसे नाखुशीनेच, आणि पंडिताच्या सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्याजोग्या जागांवर खुणा करीत. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र तो मजकूर त्यांना सोडवेना. ज्याला शास्त्रार्थाची खोड आहे तो माणूस असाच वाचणार: आधी प्रतिपक्षाचा ग्रंथ म्हणून, कडेला रेघा ओढत. श्रद्धा तिथे विजेसारखी कोसळत नाही, वाचनाच्या शिस्तीतून आत शिरते. ही पेन्सिल कुणी मागाहून रचली असेल असे मला वाटत नाही. रचणाऱ्याने काहीतरी भव्य रचले असते.

त्या डब्यात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नव्हत्या. आणि टिळकांच्या या प्रवासाचा अर्थ समजून घ्यायचा तर जी व्यक्ती डब्यात नव्हती तिचेच पुस्तक उघडावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. आत्मचरित्र म्हणून, स्त्रीचे लेखन म्हणून, विनोद म्हणून तिच्यावर खूप लिहिले गेले आहे. मला ती इथे एका वेगळ्या कामासाठी हवी आहे. घरातला एक माणूस एकटा प्रवासाला जातो आणि वेगळाच होऊन परततो, तेव्हा मागे राहिलेल्यांना काय करावे लागते, याचा इतका प्रामाणिक जबाब मराठीत दुसरा नाही.

पुस्तक सुरू होते ते सोवळ्यापासून. सत्तावनच्या बंडानंतर आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले, आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे असे वाढले की बाहेरून घरात येणारी जवळपास प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. बाई हे सारे हसत हसत सांगतात. वडिलांवर राग नाही, दयेचा सूरही नाही. पाण्याने घरातल्या बायकांचे हात पांढरेफटक पडत असतील हे वाचकाच्या ध्यानात उशिरा येते, कारण तोवर तो हसत असतो. ही लक्ष्मीबाईंची खास रीत: दुःख सांगताना त्या आवाज चढवत नाहीत, उलट वाक्य आणखी आखूड करतात.

आणि मग त्याच सोवळ्यात वाढलेल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती होतो. पुढची सुमारे पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. या काळातल्या लक्ष्मीबाई भ्रमिष्टासारख्या झालेल्या दिसतात. त्याच काळात त्या कविताही करू लागतात. पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या तेव्हाही चूल आणि पाणी वेगळेच होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्यांचा अडसर ख्रिस्त नव्हता. त्रैक्य, पापक्षमा, पुनरुत्थान यांवर त्यांनी रात्री जागवल्या नाहीत. अडसर होता पाणी. कुणाच्या हातचे प्यायचे, एवढाच प्रश्न. तो सुटला तोही असाच, एकटीने विचार करता करता: जात देवाने केली की माणसाने? माणसाने, असे मनाने एकदा ठरवल्यावर कुणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पुस्तक बारकाईने वाचणाऱ्याला कळते की खरे वळण आधीच घेऊन झाले होते. पहिल्या पानांवर वस्तू धुणारे ते पाणी या जागी येऊन वेगळे होते. लेखिकेने हा दुवा कुठे दाखवलेला नाही. दाखवला असता तर तो इतका लागलाही नसता.

टिळकांचा प्रवास कित्येक मैलांचा, लक्ष्मीबाईंचा स्वयंपाकघरातून माजघरापर्यंतचा. दुसरा जास्त लांबचा होता असे माझे मत.

आता माझ्या खानदेशाकडे येतो. नाशिककडून नागपूरला जाणारा माणूस त्या काळीही चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ करतच जायचा. भुसावळहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ सालीच झाला होता. टिळकांचा नाशिकशी आणि नागपूरशी संबंध असल्यामुळे आमची स्टेशने त्यांच्या वाटेवरचीच. पण टिळकांच्या आयुष्यात जळगावला खरी जागा मिळाली ती १९०७ साली, इथल्या कविसंमेलनात. कर्नल डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावात जन्मलेला, वडिलांच्या पोलीस खात्यातल्या बदल्यांमुळे पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही खानदेशांत वाढलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ होऊन बाहेर पडला. पुढे हा मुलगा काही काळ टिळकांच्या अहमदनगरच्या घरी राहिला.

‘स्मृतिचित्रे’मधले ठोमऱ्यांविषयीचे भाग वाचताना मला सारखा तो डब्यातला अनामिक आठवतो. टिळकांनी त्याचे नाव विचारून ठेवले असते तर निदान एक पत्र तरी लिहिता आले असते. ते नव्हते. उपकार तर एवढा मोठा, की त्याने आयुष्याची दिशा बदलली, आणि फेडायला माणूस नाही. बिनपत्त्याच्या त्या कृतज्ञतेचे टिळकांनी काय केले, याचे उत्तर मला त्यांच्या दारात दिसते. दुष्काळातली पोरकी मुले, विद्यार्थी, कवी, निरुद्योगी, जो येईल तो आत. पगार घरी पोहोचण्याआधी वाटेतच कुणाच्या तरी हाती जाई. विन्स्लो या औदार्याकडे आदराने पाहतात. लक्ष्मीबाई त्याकडे डब्यात किती पीठ उरले आहे ते पाहून पाहतात, आणि म्हणून टिळकांचे औदार्य खरे वाटते ते त्यांच्याच पुस्तकात. नवऱ्याच्या श्रद्धेचा खर्च बायकोने चालवला. ही तक्रार पुस्तकभर आहे, आणि तिच्याशेजारीच या विलक्षण माणसाबरोबर संसार केल्याचा आनंदही आहे. दोन्ही एकाच वाक्यात मावतात. आपल्याकडच्या पतिचरित्रांत आधी भक्ती आणि मग, जमले तर, एखादा उसासा असतो. इथे नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणून संबोधणारी बाई त्याची फजिती सांगते आणि तेवढ्यात त्याच्यावरचे तिचे प्रेम आपल्याला दिसून जाते.

ठोमऱ्यांच्या बाबतीत मात्र डब्यातल्या प्रसंगाशी एक फरक आहे, आणि तो मला टिळकांच्या थोरपणाची खूण वाटतो. त्या गृहस्थाने अट घातली नसली तरी भाकीत केले होते. ठोमरे एका ख्रिस्ती कवीच्या घरी जेवले, राहिले, शिकले, रुसले, परत आले, आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यामुळे त्या घरातले त्यांचे स्थान उणे झाले असे कुठे दिसत नाही. लक्ष्मीबाई त्यांच्याविषयी लिहितात ते घरातल्या हट्टी मुलाविषयी लिहावे तसे. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. मला वाटते, त्या दरबाराची तालीम नगरच्या घरात आधीच होऊन गेली होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणारा माणूस दुसऱ्याला पुलावर थोडा वेळ रेंगाळू देणारच.

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. भादली जळगाव आणि भुसावळच्या मधे आहे. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. या तारखा शेजारी ठेवल्या की रेल्वेवर एखादे रूपक रचण्याचा मोह होतो. लक्ष्मीबाईंची शैली डोळ्यांसमोर असताना तसे करण्याची लाज वाटते.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ओवीत ख्रिस्तचरित्र सांगण्याचा तो बेत. सुरुवातीचे अध्याय त्यांचे. उरलेल्यांपैकी बहुतेक, म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग, लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अडखळत वाचायला शिकलेल्या बाईने. १९३६ साली त्या गेल्या. कविता म्हणून हे काव्य मला ‘स्मृतिचित्रे’इतके भावत नाही, हे कबूल करायला हवे. पुष्कळ ठिकाणी ओवी कथानक ओढत नेते, आणि गद्यातली ती तिरकी नजर इथे भक्तीपुढे मान खाली घालते. मात्र टिळकांना त्या प्रवासात जे मिळाले, त्याची पोच लिहायची राहून गेली होती, ती लक्ष्मीबाई लिहीत आहेत असे समजून मी ते अध्याय वाचतो, तेव्हा त्यांची लांबी मला खटकत नाही.