लांडग्याचा संप

टेक्स एव्हरीने १९४३ साली एमजीएमसाठी 'रेड हॉट रायडिंग हूड' हे जेमतेम सात मिनिटांचं कार्टून केलं. सुरुवात अगदी सोवळी. जंगल, लाल टोपडं घातलेली मुलगी, मधाळ आवाजाचा निवेदक. मग लांडगाच मध्ये थांबतो आणि निवेदकाला झापतो. त्याच त्या गोष्टीचा त्याला वीट आलेला असतो. मुलगी त्याची री ओढते, आजीही ओढते. सरळसरळ संपच. निवेदक हात टेकतो आणि गोष्ट नव्याने सुरू होते ती हॉलिवूडमध्ये. आता लांडगा लांबलचक मोटारीतून फिरणारा रंगेल गडी, मुलगी नाइटक्लबातली गायिका आणि उंच इमारतीच्या माथ्यावर राहणारी आजी उलट लांडग्याच्याच मागे लागलेली.

परीकथेची अशी मोडतोड करणारा एव्हरी पहिला नव्हे. कॅन्सस सिटीतल्या उमेदवारीच्या दिवसांत, १९२२ मध्ये, खुद्द डिस्नेनेच लाल टोपडीवाल्या मुलीला आणि सिंड्रेलाला त्या काळाचे कपडे चढवले होते. फ्लायशर बंधूंची 'स्नो-व्हाइट' १९३३ ची. तिच्यात बेटी बूप आहे, कॅब कॅलोवेचं गाणं आहे आणि कथानक जवळपास नाहीच. पुढे डिस्ने मोठा झाला, परीकथेला त्याने मखरात बसवलं आणि बाकीच्या स्टुडिओंना नेम धरायला निशाण मिळालं. एव्हरीचा रोख ग्रिम बंधूंवर कमी आणि डिस्नेच्या गोडव्यावर जास्त आहे. हे सगळं निर्मळ होतं असं मात्र समजू नये. त्याच १९४३ मधलं बॉब क्लॅम्पेटचं 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वॉर्फ्स' गतीच्या दृष्टीने अफाट आहे आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणात इतकं हिणकस की पुढे ते प्रसारणातूनच बाद झालं. गोष्ट उलटी केली की ती आपोआप शहाणी होते, हा अलीकडचा भाबडेपणा आहे.

मला प्रश्न पडतो तो आपल्याकडचा. आपल्या कार्टूनमधला लांडगा कधी संपावर गेला का?

आपला इतिहास लहान नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' १९१५ मध्ये केली. प्रभातने १९३४ मध्ये 'जंबूकाका' काढला, त्यात नायक कोल्हा. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' ही जातककथा तयार झाली. अॅनिमेटर राम मोहन याच विभागात घडले. हरणांची चाल देखणी, रेषा स्वच्छ. पण चित्रपट पाहताना सतत जाणवतं की आपण एका आदर्श विद्यार्थ्याची वही चाळतो आहोत. कथेला हात लावायचा नाही, बोध नीट पोचवायचा. पैसा सरकारचा, काम लोकशिक्षणाचं. कुटुंबनियोजनापासून बचतीपर्यंत सगळे संदेश ज्या टेबलांवर रेखाटले जात होते, तिथे हरणाने निवेदकाला उलट उत्तर द्यायचं कुठल्या शीर्षाखाली?

भीमसेन यांचा 'एक अनेक और एकता' १९७४ चा. त्यामागे फिल्म्स डिव्हिजन आणि विजया मुळे. दूरदर्शनच्या जमान्यातल्या प्रत्येक मराठी घराला तो पाठ आहे. जाळ्यासकट उडालेली पाखरं आणि जाळं कुरतडणारे उंदीर ही पंचतंत्रातली गोष्ट ताई धाकट्या भावाला सांगते. भाऊ मध्येमध्ये शंका काढतो, आणि तेवढ्यापुरती गोष्ट जिवंत होते. कारण मूल गोष्ट मुकाट्याने ऐकत नाहीच. पण त्याच्या प्रत्येक शंकेला ताईकडे उत्तर तयार असतं. मला हा लघुपट आवडतो. तो बोधाच्या वळणाचा उत्तम नमुना आहे, आणि त्या वळणाची मर्यादाही त्यातच दिसते.

खाजगी पैसा आल्यावर मोकळीक येईल असं वाटलं होतं. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' चालला आणि सगळ्यांना देव सापडले. लाडू खाणारा गणपती, बाळसेदार कृष्ण, खोडकर मारुती. एरवीच्या मराठी घरात देवाशी थट्टा चालते, पडद्यावरच्या देवाशी मात्र फक्त लाड चालतात. एक अपवाद अनुराग कश्यपच्या 'रिटर्न ऑफ हनुमान'चा (२००७). हनुमान पुन्हा जन्म घेतो आणि मारुती नावाचा मुलगा म्हणून शाळेत जाऊ लागतो, ही कल्पनाच एव्हरीला शोभणारी. पण शेवटी राक्षस येतो, जग वाचवावं लागतं आणि वर्गातली गंमत मागे पडते. पुढच्या वर्षी नीना पेली या अमेरिकन बाईंनी जवळजवळ एकहाती 'सीता सिंग्ज द ब्लूज' पूर्ण केला. त्यात तीन छायाबाहुल्या रामायण सांगताना तपशिलांवरून एकमेकांशी हुज्जत घालतात. कोण आधी गेलं, कोण काय म्हणालं, तसं का म्हणालं. ती हुज्जत मला आपल्या ओटीवरची वाटली. काही संघटनांनी चित्रपटाला विरोध केला. इथल्या निर्मात्यांनी त्यातून काय धडा घेतला असेल हे सांगायला नको.

गंमत अशी की या मातीत थट्टेची परंपरा कार्टूनपेक्षा कितीतरी जुनी आहे. तमाशातली गवळण घ्या. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा तो पेंद्या आणि लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे मावशी. मावशी पौराणिक काळात उभी राहून आजच्या बाजारभावाबद्दल बोलते, कृष्णालाही सोडत नाही, आणि गोकुळाष्टमीचा उपास करणारा प्रेक्षकच खळखळून हसतो. बालरंगभूमीनेही हे केलं. तेंडुलकरांच्या 'राजाराणीला घाम हवा'चं नावच सिंहासन हलवतं. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण राजकन्येपेक्षा जास्त टाळ्या घेते. आमच्या पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला, जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. गावातलीच माणसं देवदानवांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचवतात. मुखवट्याआडचा देव कोणाचा कोण लागतो हे सगळ्या गावाला माहीत असतं.

यातलं कार्टूनपर्यंत काय पोचलं? आमच्या बोईसरपुरतं बोलायचं तर वारली माणसाची आकृती. तीही भिंतीवर. जिल्ह्यातली शाळेची कुंपणं, कार्यालयांच्या भिंती, पिशव्या, लग्नपत्रिका सगळीकडे ती नाचते. वारल्यांत लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, विधीत जे गाते त्यात देवदेवतांच्या लांबलचक कथा असतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तीच रेषा कागदावर आणली आणि एकेका चित्रात सबंध गोष्ट मांडली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस. तो नेहमी तोल जाण्याच्या बेतात दिसतो, म्हणून स्थिर चित्रातही हलतो. अॅनिमेशनवाल्याला याहून काय आयतं हवं? एका शीतपेय कंपनीने २०१० च्या दिवाळीच्या जाहिरातीत या आकृत्या वापरल्या. नंतरही अशा आकृत्या पुष्कळ हलल्या, पण बहुतेक जागी त्या नाचतात, शेती करतात, फेर धरतात. बोलत नाहीत. नीना सबनानी यांनी भोपाळच्या शेरसिंग भिल यांच्यासोबत 'हम चित्र बनाते हैं' (२०१६) केला तेव्हा चित्रं ज्यांची, गोष्टही त्यांचीच ठेवली. वारलीच्या वाट्याला बहुतेक वेळा नक्षीकाम आलं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे, आणि ती बोईसरमध्ये लख्ख दिसते. विडंबनाला सगळ्यांची पाठ असलेली मूळ गोष्ट लागते. तारापूर एमआयडीसीच्या आसपासच्या एखाद्या वर्गात बघा. एकाचं घर पाड्यावर, दुसऱ्याचं मुरब्याच्या किनाऱ्यावर, तिसऱ्याचे वडील जौनपूरचे, चौथ्याचे ओडिशाचे, पाचवा खानदेशातून आलेला. चिमणीचं मेणाचं घर यातल्या किती जणांनी झोपताना ऐकलं असेल? सगळ्यांना पाठ आहे तो डोरेमॉन, शिनचॅन आणि मोटू-पतलू. तेही हिंदीतून. म्हणजे या मुलांचं ग्रिम आणि पंचतंत्र आता तेच आहे. मोडतोड करायची तर त्याचीच करावी लागेल.

यूट्यूबवर चिऊ-काऊंचा एक अजब संसार सुरू आहे, तोही बहुतांशी हिंदीत. गरीब चिमणी, उद्दाम कावळा, पाणीपुरीची गाडी, हुंडा, छळणारी सासू. चित्रं ओबडधोबड, चोची यंत्रासारख्या उघडतात-मिटतात. समीक्षकांनी नाकं मुरडावीत असा हा ऐवज, आणि पुष्कळसा खरोखरच टाकाऊ आहे. पण जुन्या गोष्टीतली मेणाच्या घरात दार लावून बसलेली, सबबी सांगणारी सुखवस्तू चिमणी इथे भाड्याच्या खोलीत आली, हा बदल कुणा विद्वानाला सुचला नव्हता. विनोद नाही एवढंच. असता तर एव्हरीच्या जवळ गेलं असतं.

विनोद आहे तो डबिंगच्या खोलीत. 'ऑगी अँड द कॉक्रोचेस' हे फ्रेंच कार्टून जवळपास मुकं. हिंदीत आणताना त्याला वाचा दिली, तीही शाहरुख खानची नक्कल करणाऱ्याच्या गळ्यातून. निळं मांजर झुरळांमागे धावता धावता शाहरुखच्या लकबीत कण्हू लागलं आणि मूळ चित्रांना कुणी न आखलेला दुसरा अर्थ चिकटला. मावशी कृष्णाला अडवून बोलते, तसलंच हे काम. त्याला फार पैसाही लागत नाही. अमेरिकेत १९५९ पासून 'फ्रॅक्चर्ड फेअरी टेल्स' दाखवल्या गेल्या, त्यांचं बरंचसं चित्रकाम खर्च वाचवण्यासाठी मेक्सिकोत उरकलेलं आणि ते दिसतंही तसंच. पण लिखाण धारदार होतं आणि एडवर्ड एव्हरेट हॉर्टनचा निवेदनाचा सूर अचूक. तेव्हा बजेट नाही म्हणून मराठीत असं होत नाही, ही सबब मला पटत नाही. बतावणी लिहिणारे आहेत, मावशी करणारे आहेत, आवाज बदलून चार माणसं उभी करणारे तर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातल्या एकालाही कार्टूनच्या पटकथेला बसवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तिथे अजून बोध लिहिणाऱ्यालाच बोलावतात.