बर्निंग स्पिअरची 'मार्कस गार्वी'

मार्कस गार्वी १८८७ साली जमैकात, सेंट ॲन्स बेला जन्मला. काळ्या माणसाला ताठ मानेनं जगायला शिकवलं नि १९४० साली लंडनमध्ये मेला. १९६४ मध्ये सरकारनं त्याचं प्रेत मायदेशी आणलं, राष्ट्रवीर ठरवलं. झालं, हिशेब मिटला!

तो हिशेब १९७५ च्या ह्या तबकडीनं पुन्हा उकरला. गाणारा विन्स्टन रॉडनी, ऊर्फ बर्निंग स्पिअर, त्याच गावचा. पण दोस्तहो, इथं गार्वीची आरती नाही. त्याला सगळे विसरले, ही तक्रार आहे, तीही आपल्याच माणसांविरुद्ध. 'स्लेव्हरी डेज' ऐका. गुलामी आठवते का, असं तो विचारतच राहतो. मालकाला नव्हे, भावंडांना. मागचे दोघे सूर धरतात, खाली बास संथ चालतो, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन मध्येच हंबरतात. रडणं नाही की आरडाओरडा नाही. म्हणूनच अंगावर येतं.

काही गाणी एका चालीची वाटतात, हे खरं. आयलंड कंपनीनं तर गोऱ्या गिऱ्हाइकाला रुचावं म्हणून ध्वनिमिश्रणच बदललं. रॉडनी भडकला, स्वतःचं लेबल काढलं. धार थोडी बोथटली असेल, पण सवाल काही त्यांना पुसता आला नाही.