वाड्यात कुणी मोकळं रडत का नाही?

एखाद्या घरात माणूस जातं. आपण भेटायला जातो आणि परतताना म्हणतो, ‘काय धीराचा माणूस हो, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही त्यानं.’ हे आपण कौतुकानं म्हणतो. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वाचताना आपल्याला या कौतुकाचीच शंका यायला लागते.

१९८५ मध्ये विजया मेहतांनी हे नाटक रंगमंचावर आणलं. तेव्हापासून आपण त्याला ढासळत्या वतनदारीचं नाटक म्हणत आलो. ते खरंच आहे. पण आज आपण दुसऱ्या बाजूनं पाहू. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या घरातला कर्ता पुरुष, तात्याजी, गेलेले आहेत. मुंबईहून सुधीर आणि अंजली येतात. आणि मग चर्चा कशाची? तेराव्याचा खर्च, गावजेवण, पैसे कुठून आणायचे, वाटण्या, दागिने.

काही वाचक म्हणतात, ही माणसं स्वार्थी आहेत, कोरडी आहेत. आपल्याला हे घाईचं वाटतं. भास्करकडे बघा. तो थोरला. बापाबरोबर त्याची कर्जं आणि त्याची ऐट, दोन्ही याच्या गळ्यात पडली. तो रडत बसला तर लोकांसमोर उभं कोण राहणार? हिशोबाला निदान उत्तर असतं, दुःखाला नसतं. म्हणून माणूस हिशोबाला धरून बसतो. आपल्याही घरी हेच होतं की! कुणी गेलं की पहिल्या तासाला आपण फोन, मांडव, स्वयंपाकी यांच्या मागे लागतो. त्या वेळी ते उपयोगीही असतं.

अडचण पुढे आहे. दाबायची सवय एका दुःखापुरती थांबत नाही. प्रभाला शिकायचं होतं, वडिलांनी शिकू दिलं नाही. ती आता कडवटच बोलते. बापाच्या मरणाचं दुःख करायचं, तर आधी बापावरचा राग बोलावा लागेल, आणि सुतकाच्या घरात तो बोलायचा कसा? वहिनी रात्री अंगभर दागिने घालते, तेव्हा कुठे तिच्या मनातलं काही क्षणभर वर येतं. आणि दादी! मुलगा गेला हेच तिच्या ध्यानात राहत नाही. सगळ्या घरात तीच त्याला मोकळेपणी हाक मारते.

पण आपल्या मते नाटकाचं मर्म चंदूत आहे. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. त्याला लागून चंदूच्या पायाला जखम होते आणि ती चिघळत जाते. तो फारसा बोलत नाही, आणि घर त्याला कामं सांगतच राहतं. हा वाईटपणा म्हणावा का? तसं नाही वाटत. ज्यांनी स्वतःच्या दुखण्याकडे लक्ष द्यायचं सोडलं, त्यांना दुसऱ्याचं लंगडणंही दिसेनासं होतं. बधिरपणाची खरी किंमत ही, आणि ती चुकवतो घरातला सर्वांत गरीब माणूस.

एलकुंचवार यावर उपदेश करत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. आपणही करू नये. एवढंच करू या: यापुढे कुणी न रडल्याचं कौतुक ओठांवर आलं, की आधी बघू या, त्या घरात लंगडतंय कोण?

थांबू या इथे.