आधी जेवण, मग चौकशी

नागपुरात धरमपेठेत राहणारी आमची भाची लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, काम करते. परवा म्हणाली, "मामा, स्मॅच खूप वॉर्निंगा देऊन राहिला!"

हा स्मॅच म्हणजे प्रयोग न बघता नुसती संहिता वाचून दोष काढणारा समीक्षक. त्याची एक तक्रार मला पटली. पॉइंटर, म्हणजे पत्त्याची चिठ्ठी, आधी वापरतात आणि ती कोरी आहे का, ते मागून बघतात. लग्नात जेवून हात धुतल्यावर 'यजमान कोण हो?' विचारावे, तसे! 2009 साली लिनक्सच्या 'टन' ड्रायव्हरात हेच सापडले. वापरली त्या अर्थी कोरी नसणारच, असे समजून कंपायलरने तपासणीच गाळली, अन् घुसखोराला वाट मिळाली.

गंमत अशी, की तपासणी वर आणली तरी समीक्षक गप्प आणि पुसून टाकली तरी गप्प! चिठ्ठी कोरी येणे शक्यच नसेल तर पुसणे योग्य. एरवी तो गुन्हा. ते माणसानेच वाचून ठरवायचे. वॉर्निंगा शून्य झाल्या म्हणून पेढे वाटणाऱ्यांना एवढेच सांगणे.

अनुभवाचे बोल आहेत. घरच्या सूचनांवर मीही 'हो हो' म्हणतो. सूचना थांबतात, नळ मात्र गळतोच.