‘एकमेकांना समजून घ्या’ हे गृहीतक तपासताना

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मी जो पहिला आराखडा लिहिला होता, त्यातलं गृहीतक असं होतं: ‘भिन्न समाजगटांतील परस्पर आकलन वाढल्यास त्यांच्यातील संघर्ष कमी होतो.’ वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, “कमी होतो म्हणजे कुणासाठी?” मला काही सांगता आलं नाही. प्रवेश मिळाला, पण तो प्रश्न गेली तीन वर्षं मानगुटीवर बसलाय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या आराखडे लिहिताय. समाजशास्त्र असो, मानसशास्त्र असो की शिक्षणशास्त्र, हे वाक्य या ना त्या रूपात त्यात येतंच. म्हणून आज एका शोधनिबंधाच्या निमित्ताने त्याची उलटतपासणी करूया.

या वाक्याचं मूळ बहुतेक जण गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या 1954 सालच्या पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात शोधतात. ‘संपर्क गृहीतक’ म्हणून आपण परीक्षेत जे लिहितो ते हेच. पण परीक्षेत आपण अर्धंच लिहितो. नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जातात असं ऑलपोर्ट म्हणत नाहीत. त्या भेटीत दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य लागावं, आणि कायदा, अधिकारी किंवा रूढी यांचा पाठिंबा हवा, अशा त्यांच्या अटी आहेत. 2006 मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र करून पाहिले. संपर्क जास्त तिथे पूर्वग्रह कमी, असंच चित्र साधारणपणे निघालं, आणि अटी पूर्ण नसल्या तरी काही परिणाम दिसला. झालं! तेव्हापासून आपण अटी विसरायला मोकळे.

आता मुख्य निबंध. मॅथ्यू लो यांचा, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये 2021 साली आलेला. उत्तर प्रदेशात त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या 1,261 तरुणांना निवडलं. काहींना महिनाभराच्या क्रिकेट स्पर्धेत घेतलं, काहींना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. कोणाचा संघ एकाच जातीचा, कोणाचा मिश्र, आणि समोर कोणता संघ येणार, हे सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. पद्धतीच्या दृष्टीने मर्म इथे आहे. नेहमीच्या सर्वेक्षणात ज्याचे परजातीत मित्र आहेत तो मुळातच मोकळ्या मनाचा असू शकतो. मग मैत्रीमुळे मन मोकळं झालं की मोकळ्या मनामुळे मैत्री झाली, हे कळणार कसं? चिठ्ठीने वाटणी केली की ही अडचण दूर होते.

निष्कर्ष मला फार आवडला. एका संघात खेळलेल्यांमध्ये परजातीय मैत्री वाढली, वस्तूंच्या देवाणघेवाणीत जात कमी आड आली, आणि स्वजातीला झुकतं माप देणं घटलं. प्रतिस्पर्धी म्हणून भेटलेल्यांत मात्र असा फायदा दिसला नाही, काही बाबतींत उलटाच परिणाम झाला. म्हणजे दोघांनी ‘एकमेकांना पाहिलं’ हे दोन्हीकडे सारखंच. फरक पडला तो कोणत्या नात्याने पाहिलं यामुळे.

तरी हा निबंध आपण ज्या कामाला जुंपतो ते काम त्याला झेपतं का? त्यात काय मोजलंय ते पुन्हा वाचा: मैत्री, देवाणघेवाण, झुकतं माप. यात ‘संघर्ष’ कुठे आहे? लो यांनी तसा दावा केलेलाही नाही. दावा आपण करतो, संदर्भसूचीत त्यांचं नाव टाकून. दुसरं असं की क्रिकेटच्या मैदानावर समान दर्जा नियमातच असतो. बाद झालेला माणूस कोणत्याही जातीचा असला तरी बादच. (गल्लीत ज्याची बॅट त्याचीच बॅटिंग, हा अपवाद सोडा.) ऑलपोर्टची सर्वांत अवघड अट तिथे आयती मिळते. मैदान सोडल्यावर ती कोण आणून देणार?

मैदान सोडल्यावर काय होतं याचा अंदाज सल्मा मूसा यांच्या 2020च्या अभ्यासातून येतो. आयसिसमुळे विस्थापित झालेल्या इराकमधल्या ख्रिश्चन फुटबॉलपटूंपैकी काहींच्या संघांत त्यांनी मुस्लिम खेळाडू घातले. पुढे हे खेळाडू मुस्लिमांबरोबर सराव करत राहिले, दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला खिलाडूवृत्तीच्या पुरस्कारासाठी मत देऊ लागले. पण मोसुलमधल्या हॉटेलात जाऊन जेवणं यासारख्या मैदानाबाहेरच्या गोष्टींत ठळक फरक पडला नाही. मूसा यांनी हे स्पष्ट लिहिलंय. आपण मात्र अवतरण फक्त पहिल्या भागाचं देतो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते तमार सागी आणि सहकाऱ्यांच्या 2009च्या प्रयोगाने. दोन गट घेतले, गुण वाटायचा अधिकार एकालाच दिला. वाटपाआधी काहींना आपल्यातलं साम्य काय यावर बोलायला लावलं, काहींना फरकांवर. साम्यावर बोललेल्यांत गोडी वाढली. अधिकार नसलेल्यांना वाटलं, आता हे आपल्याला न्यायाने देतील. प्रत्यक्षात वरच्या गटाने स्वतःला जास्त ठेवायचं ते ठेवलंच. गोडी वाढली, अपेक्षा वाढली, वाटप तेच.

हे वाचताना मला डॉ. आंबेडकरांचं 1936चं, लाहोरमध्ये न होऊ शकलेलं भाषण आठवलं. सहभोजनाने जातीची जाणीव मेलेली नाही, असं त्यांनी त्यात बजावलं होतं. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि तोही जातीला आधार देणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धा गेल्याशिवाय घडणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. संपर्क सिद्धांत शिकवताना आपल्याकडे ऑलपोर्टपासून सुरुवात होते. त्याच्या अठरा वर्षं आधीचा हा युक्तिवाद त्या यादीत नसतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आता माझ्या कामाबद्दल. माझं क्षेत्र एक गाव आहे. नाव सांगत नाही. वेशीवर तंटामुक्तीचा रंग उडालेला फलक आहे. आत एका वस्तीची स्मशानभूमीकडे जायची पाणंद शेजारच्या शेतांनी दोन्ही बाजूंनी खात आणलीय. पावसाळ्यात तिरडी घेऊन बांधावरून जावं लागतं. मी प्रश्नावली घेऊन गेले. पहिलाच प्रश्न: ‘शेजारच्या वस्तीतल्या लोकांना तुमच्या चालीरीती कितपत माहीत आहेत?’ साठीच्या एका मावशींनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. म्हणाल्या, “अगं पोरी, समदं म्हाईत हाय त्यास्नी. माझा सासरा कधी गेला, किती माणूस आलं हुतं, तेबी सांगतील. वाट तेवढी देत न्हाईत.”

त्या रात्री आराखडा उघडून बसले. आकलनाची कमतरता हे कारण मी गृहीतच धरलं होतं, आणि इथे आकलन तर भरपूर होतं. मी फरक समजून घ्यायला निघाले होते चालीरीतींतला. त्या गावातला फरक आहे तो जमिनीच्या मालकीचा, आणि कोणाच्या तक्रारीवर कोण हलतं याचा.

म्हणून तुमचं गृहीतक लिहिताना ‘संघर्ष’ या शब्दाखाली एक रेघ मारा आणि बाजूला लिहा की हा तंटा नेमका कशावरून आहे. गैरसमजावरून असेल तर लो आणि मूसा यांच्या वाटेने जरूर जा, तिथे शिकण्यासारखं खूप आहे. पण वाटपावरून असेल तर ‘पूर्वग्रहाचा गुणांक’ खाली आला म्हणून तंटा मिटला, असं लिहू नका. दोन्ही मोजा, वेगवेगळं मोजा, आणि खालच्या गटाच्या अपेक्षा व वरच्या गटाची प्रत्यक्ष कृती यांना एकाच सरासरीत घालू नका. माझ्या पहिल्या तक्त्यात मी नेमकं तेच केलं होतं. गाइड मॅडमनी त्यावर पेन्सिलने फक्त एक प्रश्नचिन्ह काढून तो परत दिला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गावात जातेय. या वेळी प्रश्नावलीबरोबर भूमी अभिलेख कार्यालयातून काढलेली गावनकाशाची नक्कल घेतलीय. पाणंद त्यात स्पष्ट दिसते.