चौक उरला, गाणं कुठे गेलं?

डहाणू-तलासरीकडं वारली घरात लग्नाचा चौक सवासिनी लिहितात, तांदळाच्या पिठानं. मधोमध पालघट देवी. शेजारी धवलेरी गात असते. तिच्या गाण्याशिवाय ते लग्न लागत नाही.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी तिकडं कागद नेला. जिव्या सोमा म्हसे यांनी तो असा भरला, की जगानं पाहिलं; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांच्या हातचा विधी पुरुषांच्या सहीचं चित्र झाला. त्यातून पोरांना काम मिळालं, ते आम्ही नाकारत नाही. आमची तक्रार बघणाऱ्यांविषयी आहे. आपण तारप्याचा नाच साडीवर घेतला, कपावर घेतला. गाणारी बाई काय गाते, हे विचारलंच नाही.

इथं, बीडीडी चाळीत, हे परकं वाटू नये. १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० फुटांचं घर येतंय. यायलाच हवं. पण हळदीची गाणी, जयंतीची तयारी मधल्या पॅसेजात आणि खालच्या पटांगणात होत आली. टॉवरच्या लॉबीत चाळीचा फोटो कुणीही लावील. बायकांना एकत्र बसून गाता येईल, अशी जागा मात्र मागून घ्यावी लागेल.