महाग केबल आणि तयार कान

महागड्या ऑडिओ केबलची परीक्षणं मी आवडीने वाचतो. त्यांची भाषा कवितेच्या जवळची असते. आवाजाला मखमली पोत येतो, वाद्यांमध्ये हवा खेळू लागते, गायिका थेट खोलीत येऊन बसते. तारेच्या रोधाचा आकडा मात्र सहसा सापडत नाही. म्हणून या परीक्षणांचंच परीक्षण करायला हवं.

आधी तार बघू. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर ३ मीटरवर आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन ६ मीटरचा रोध साधारण ०.०४ ओहम भरतो. स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे आवाजात होणारी घट ०.०५ डेसिबलच्या आत. तुम्ही खुर्ची चार बोटं पुढे ओढली तरी याहून जास्त फरक पडेल.

केबलला काहीच महत्त्व नाही, असं मी म्हणत नाही. तार फार बारीक आणि लांब असेल, जोड सैल असेल, टर्नटेबलच्या वायरला नीट शील्डिंग नसल्याने घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर कानाला ते कळतं. पण हे दोष नीट बनवलेल्या साध्या केबलनेही जातात.

मग लोकांना फरक ऐकू कसा येतो? ते खोटं बोलत नसतात. महाग वस्तू लावली की आपण जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष देऊन ऐकलं की पाठ असलेल्या गाण्यातही नवं काही सापडतं. श्रेय जातं केबलला. म्हणून कसोटी एकच: आवाजाची पातळी सारखी ठेवायची, कोणती केबल लावली आहे ते लपवायचं आणि पुन्हापुन्हा ओळखायला लावायचं. २००७ मध्ये अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने ७,२५० डॉलरची पेअर कंपनीची केबल साध्या केबलपासून अशी वेगळी ओळखणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले. एक नावाजलेला परीक्षक तयारही झाला. कंपनीनेच माघार घेतली आणि चाचणी झालीच नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. 'मला फरक जाणवला नाही' असं कुणी म्हटलं की उत्तर येतं, 'तुमचे कान अजून तयार नाहीत.' तयार कान हा आपल्याकडे मैफलीतला आदराचा शब्द. वर्षानुवर्षं ऐकून तो कमवावा लागतो, आणि डोळे मिटले तरी त्याला सुरातला बारीक फरक कळतो. केबलच्या जगात हाच शब्द ग्राहकाला गप्प करायला वापरतात. पहिल्या पगारातून सिस्टिम जमवणारी मुलगी मग स्वतःच्या कानांवरच शंका घेऊ लागते. हे नुकसान बिलापेक्षा मोठं आहे.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या, त्यात खरखर. तरी सूर पोचतो. पैसे असतील तर चांगल्या स्पीकरवर खर्च करा, घुमणाऱ्या खोलीत गालिचा आणि जाड पडदे लावा. केबलचा मोह झालाच, तर ती परत करायची मुदत आहे तोवर मित्राला तुमच्या नकळत बदलायला सांगा. त्यानंतर तुमचे कान जे सांगतील, ते खुशाल माना.